कोल्बीबद्दल, आर्डीला

हेम्लॉक बे, मिशिगन
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय आर्डी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, असं धरून लिहिते. आम्ही बरे आहोत. रेनोचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण काठी घे म्हटलं की चिडतो. टूसॉनला अजून ऊन असेल. इथे गुरुवारी पहिला बर्फ पडला. येत्या शनिवारी हरणांची शिकार सुरू होतेय, म्हणून दुकानात पाय ठेवायला जागा नाही. गोळ्या, केशरी जाकिटं, हातमोजे, सगळ्यांना सगळं आजच हवं असतं. मागच्या आठवड्यात आईच्या कबरीवर जाऊन आले. पाइनची एक मोठी फांदी पडली होती तिथे, ती रेनोनं ओढून बाजूला केली.

एवढं लिहून उठले, भांडी घासली, पुन्हा बसले.

कोल्बी परत आलाय. तुला ठाऊक असणारच, तुझ्याच घरून तर निघाला. परवा दुकानात आला. गिऱ्हाइकांच्या रांगेत गुपचूप उभा होता, त्यामुळे समोर येईपर्यंत मला कळलंच नाही. वाळलाय. दाढी काढलीय, त्यामुळे पुन्हा पंधरा वर्षांचा दिसतो.

"काय मावशी, ओळख आहे ना?"

"अरे कोल्बी! कधी आलास? जेवलास का?"

"जेवण राहू दे. एकोणीस दिवस राहिले."

"कसले?"

"असं काय करतेस? सव्वीसला कोर्टाचा हुकूम संपतो. माझ्या तिन्ही बंदुका मला परत मिळतील." मग बंदुकांच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ती वरची एक माझ्यासाठी बाजूला ठेव."

मागे हार्लन उभा होता, आपला जुना सुतार. तो म्हणाला, "ठेव की व्हर्ना, घरचंच गिऱ्हाईक आहे!" रांगेतले सगळे हसले. मीही हसले.

जाताना तो वाकला, माझ्या गालाची पापी घेतली आणि कानाशी म्हणाला, "पोलिसांना माझं नाव कुणी दिलं ते मी शोधून काढणार आहे. त्या चर्चवाल्यांपैकीच असेल कुणीतरी."

आर्डी, गेल्या हिवाळ्यात तू फोनवर मला हेच विचारलं होतंस. "माझ्या पोराच्या मागे पोलीस कुणी लावले?" आणि मी म्हणाले होते, मला काय माहीत. त्यानंतर तू बोलणं सोडलंस. तुझा राग एवढाच होता की मी त्याच्या बाजूनं उभी राहिले नाही. तो राग मी वर्षभर मुकाट सोसला, कारण खरं कारण कळलं असतं तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं.

नीट पहिल्यापासून सांगते.

त्या तिन्हींतली रायफल त्याला मी विकली. हे तुला माहीत आहे, पण कशी ते माहीत नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरात आला होता. लाकूड कारखान्यातली त्याची पाळी बंद होऊन दोन महिने झाले होते. पोलिसांचा परवाना होता, तपासणीत नाव स्वच्छ निघालं. कायद्यानं माझं काही चुकलं नाही. तीस वर्षं त्या काउंटरवर उभी आहे मी. माणूस शिकारीसाठी बंदूक घेतो तेव्हा काय विचारतो ते मला पाठ आहे: किती लांब मारते, खांद्याला धक्का किती, पावसात भिजली तर काय. कोल्बीनं यातलं एकही विचारलं नाही. एका वेळी किती गोळ्या बसतात, ते त्यानं विचारलं. संपल्या की पुन्हा भरायला किती वेळ लागतो, ते विचारलं. मग म्हणाला, "मावशी, हातमोजे घालून जमतं का गं?"

आणि मी हातमोजे घालून त्याला करून दाखवलं.

त्याला तित्तिर मारायला मीच शिकवलं होतं ना. तू कामावर जायचीस, तेव्हा माझ्याच घरी लहानाचा मोठा झाला तो. पोटचं नसलं तरी पोर आपलंच. आपल्या पोरावर संशय घेणारी बाई मला व्हायचं नव्हतं.

नोव्हेंबरात एका रविवारी तो जेवायला आला. हरणाचा रस्सा केला होता. कारखान्यात आता ग्वाटेमालाची माणसं आहेत, हे तुला मी सांगितलं होतं. त्यातली एल्विरा नवऱ्याबरोबर माझ्याकडे गळाला लावायचे किडे घ्यायला येते. मोडक्यातोडक्या भाषेत माझ्याशी थट्टा करते, म्हणते, "तुमचे किडे आळशी आहेत, मासे हसतात!" तर कोल्बीनं त्या लोकांचा विषय काढला. आधी नेहमीचंच: नोकऱ्या गेल्या, गाव गेलं. रेनो मान हलवत होता. मग कोल्बी पाव बुडवत अगदी शांतपणे म्हणाला, "रविवारी चर्चमधली साडेबाराची प्रार्थना, ती मिस्सा, त्यांची असते. तीन रविवार मी समोर गाडीत बसून मोजलं. एकशे दहा माणसं. आणि दार एकच."

रेनो म्हणाला, "कशाला मोजतोस रे, काही काम नाही का?"

"काम कुठे ठेवलंय काका त्यांनी?" तो म्हणाला आणि हसला. मला आणखी रस्सा मागितला. मी वाढला.

चार दिवस मला झोप नाही. गुरुवारी तो घरी नसताना जेवणाच्या डब्याचं निमित्त करून त्याच्या ट्रेलरवर, त्या चाकांच्या घरात, गेले. किल्ली माझ्याकडे होती. टेबलावर वहीचा कागद होता, त्यावर चर्चचं चित्र, बाकांच्या रांगा, गाडी कुठे लावायची तिथे फुली आणि खाली तारीख: डिसेंबरचा पहिला रविवार. मी त्या कागदाचा फोटो काढला, डबा तिथेच ठेवला आणि गाडीत बसून ओकले.

रेनोला सांगितलं. धोक्याच्या माणसाची बंदूक कोर्टानं काढून घ्यायची, हा कायदा येत होता तेव्हा आम्हीच आमच्या काचेवर त्याच्या विरोधात फलक लावला होता. विरोधाच्या अर्जावर माझीही सही होती. गावसभेत रेनो उभा राहून म्हणाला होता, "आज वेड्याची घेतील, उद्या शेजाऱ्यानं चुगली केली म्हणून तुमची घेतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"तूच चुगली करणार?" त्यानं मला विचारलं.

"रेनो, दार एकच आहे."

"पोरगा बडबडतोय. पोरं बडबडतात."

"आणि तो कागद?"

तो उठून बाहेर गेला. लाकडं फोडत बसला. त्यानं मला जा म्हटलं नाही, पण अडवलंही नाही.

शेरीफच्या पोलिसांतल्या वेस माकीला मी फोटो दाखवला. तो म्हणाला, अर्ज मी माझ्या नावानं करतो, तुझं नाव कुठे येणार नाही. कोर्टानं एका वर्षासाठी त्याच्या बंदुका काढून घेतल्या. सरकारी वकिलानं खटला भरला नाही. चित्र काढणं आणि माणसं मोजणं गुन्हा होत नाही म्हणे. आणि कोल्बी तुझ्याकडे आला.

नाव मी दिलं, आर्डी. आता लिहिलं एकदाचं.

आता पुढचं. वेस म्हणतो, मुदत वाढवायची तर या वेळी नुसत्या कागदावर भागणार नाही. ज्यानं पाहिलं, ऐकलं, त्यानं न्यायाधीशासमोर उभं राहायला हवं. मी राहीन. पण माझ्याकडे आहे ते गेल्या वर्षीचं. हे वर्ष तो तुझ्या घरात राहिला. ऑक्टोबरात एका सकाळी तू मला फोन केलास. दहा महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. तू एवढंच म्हणालीस, "व्हर्ना, तो पुन्हा रविवारचं..." आणि फोन ठेवलास. मी उलट केला तर उचलला नाहीस.

काय म्हणणार होतीस? तू काय पाहिलंस?

एकोणीस तारखेला, बुधवारी, सकाळी दहाला सुनावणी आहे. ये. मला शिव्या द्यायला ये, पण ये.

तुझ्या उत्तराची, नाहीतर तुझ्या रागाची, वाट पाहणारी
व्हर्ना


हेम्लॉक बे
९ डिसेंबर २०२५, मंगळवार

आर्डी,

तू आली नाहीस. मी दाराकडे बघत होते, हे कबूल करते. आता त्याबद्दल मनात काही नाही. मी आई असते तर आले असते का, कोण जाणे.

फोनवर तुला वेसनं जेमतेम दोन वाक्यांत सांगितलं असेल. बाकीचं माझ्याकडून ऐक, दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा.

कोर्टात माझं नाव पुकारलं तेव्हा कोल्बी मागे वळून बघत होता, चर्चवाल्यांपैकी कोण उठतंय ते. मी उठले. त्याचा चेहरा आधी चक्क खुलला. त्याला वाटलं, मावशी माझ्या बाजूनं बोलायला आली. मग मी बोलायला लागले. रस्सा, एकशे दहा माणसं, ट्रेलर, कागद. तो ओरडला नाही. एकदाच म्हणाला, "मावशी, तू?" लहानपणी मला विळखा घालून रडायचा ना, तोच आवाज. न्यायाधीशांनी आणखी एक वर्ष वाढवलं. बाहेर पायऱ्यांवर तो माझ्या शेजारून गेला. म्हणाला, "विस्कॉन्सिन चाळीस मिनिटांवर आहे."

मी वेसला लगेच सांगितलं. तो म्हणाला, त्या राज्यात कुणी घरातली जुनी बंदूक विकली तर विचारणारं कुणी नसतं. आपण नजर ठेवू. नजर ठेवायला त्याच्याकडे चार माणसं आणि अर्धा तालुका जंगल.

त्या दिवसापासून दुकान ओस पडलं. ऐन हंगामात! हार्लन आमचं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, तो रस्त्यात म्हणाला, "व्हर्ना, उद्या माझ्याही घरी डबा घेऊन येशील की काय?" कुणीतरी काचेवर काळ्या रंगानं 'चुगलखोर' लिहिलं. रेनोनं ते खरवडून काढलं, आणि त्याच पात्यानं आमचा जुना फलकही.

मी घाबरून गेले होते. तो मला मारील याला नव्हे. दर रविवारी साडेबारा वाजले की मी चर्चच्या रस्त्याकडे कान लावून बसायचे. एल्विराला आधीच सांगितलं होतं सगळं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आम्ही अशाच माणसांपासून पळून इथे आलो, बाई. आता आणखी कुठे पळू?"

शनिवारी, सहा तारखेला दुपारी, दुकानात फोन वाजला. विस्कॉन्सिनचा कुणी म्हातारा शेतकरी. नाव सांगितलं नाही.

"तुमचा कोल्बी म्हणून कुणी भाचा आहे का?"

"आहे."

"काल माझ्याकडून रायफल घेऊन गेला. म्हणाला, माझ्या मावशीचं बंदुकांचं दुकान आहे, खात्री करून घ्या हवी तर. मी काही केली नाही. कायद्यानं मला विचारायची गरज नाही." मग म्हणाला, "पण बाई, त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही हो. नुसत्या गोळ्या मोजत होता. रात्रभर तेच डोक्यात आहे माझ्या. मी काही चूक केली का?"

मी म्हणाले, "केलीत. पण फोन केलात."

पुढचं घाईघाईत झालं. वेस, राज्याचे पोलीस, पाद्री. पाद्री म्हणाले मिस्सा रद्द करू. पोलिसही तेच म्हणाले. रविवारी सकाळी दार बंद ठेवलं आणि घरोघर निरोप दिले. तरी सात-आठ कुटुंबं येऊन पोचलीच; त्यांना आम्ही आमच्या दुकानात आणलं. बंदुकांच्या भिंतीखाली लहान मुलं बसली होती, आर्डी. रेनोनं सगळ्या रॅकना साखळ्या घातल्या आणि पोरांसाठी दूध तापवलं. एल्विरा माझा हात धरून तिच्या भाषेत पुटपुटत होती. मला शब्द कळत नव्हते. रस्त्यावरून गाडी गेली की सगळे गप्प व्हायचे.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना तो सापडला. चर्चसमोर बंद पडलेलं लोखंडी सामानाचं दुकान आहे ना, त्याच्या मागे गाडीत. रायफल मागच्या सीटवर घोंगडीखाली होती, भरलेली. गोळ्यांच्या तीन पेट्या. तो पळाला नाही, हात वर केले. कुणाला ओरखडाही आला नाही. त्यालाही नाही. हे दोनदा वाच.

वेसनं मला सांगितलं तेव्हा मी त्या परक्या मुलांसमोर जमिनीवर बसून रडले. आनंदानं की कशानं, मला सांगता येत नाही.

आता तो तालुक्याच्या तुरुंगात आहे. हुकूम मोडून बंदूक बाळगली, हा गुन्हा नक्की. बाकीचं सरकारी वकील बघतायत. ते सिद्ध करणं अवघड, असं आत्ताच म्हणू लागलेत. म्हणजे वर्ष, दोन वर्षं, आणि मग पुन्हा चाळीस मिनिटांवर विस्कॉन्सिन. पाटीवर मी काल 'दुकान बंद' लिहिलं. कायमचं की हिवाळ्यापुरतं, ते रेनोनं विचारलं. मी म्हणाले, ठाऊक नाही. त्याला वाटतं, सगळी बंदूकवाली माणसं वाईट ठरतील. मला वाटतं, मी हातमोजे घालून दाखवलं नसतं तर. आम्ही दोघं एकाच टेबलावर बसून वेगवेगळे विचार करतो आणि कॉफी गार होते.

काल तुरुंगात गेले होते. मला भेटायला त्यानं नकार दिला. पहारेकऱ्याकडून निरोप पाठवला, "तिला सांगा, मला आई हवीय."

तेवढ्यासाठी हे पत्र. तू त्याच्या तोंडून काय ऐकलंस, तुझ्या घरात काय पाहिलंस, ते मी पुन्हा विचारणार नाही. ते आता वकिलाला सांग, नाहीतर देवाला. पण त्याला भेट. त्याच्याशी बोल. तो आत काय घेऊन बसलाय ते बाहेर काढू शकेल असं माणूस उरलं असेल, तर ते तूच. आणि त्यानं तुला काही सांगितलं, अगदी एखादा दिवस, एखादं गाव, एखाद्या दाराचं नाव, तर या वेळी फोन मध्येच ठेवू नकोस.

विमानतळावर रेनो येईल. मी घरीच थांबेन. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस.

त्याला ती रायफल हातात देणारी, आणि त्याचं नाव देणारीही,
तुझी बहीण
व्हर्ना