दोर हातातच द्यायचा

८ जानेवारी, गुरुवार. महाल

पोचलो एकदाचा नागपूरले! पाठीवर तीच सॅक, जी घेऊन मी मनालीत मोजे विकले आणि स्पितीत ढाब्यावर भांडी घासली. आयटीआय अर्धी सोडून पुलगावातून निघालो, त्याले चार वर्षं झाली. माझा दोस्त विक्कीनं इथं महाल भागात खोली घेतली आहे. खाली त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही दोघं. सोमवारपासून बुटीबोरीच्या कारखान्यात दुसरी पाळी, म्हणजे दुपारी दोनपर्यंत मी मोकळा.

संध्याकाळी आमची मैत्रीण सोनिका सांबारवड्या घेऊन आली. कोथिंबीर भरलेली गरम सांबारवडी आणि वरून कढी, यावर मी पानभर लिहू शकतो. पण ही वही त्यासाठी नाही. सोनिका उत्तरकाशीले गिर्यारोहणाचा कोर्स करून आलेली, म्हणून दोरावर तिचा शब्द शेवटचा. वही तिनंच दिली, आमच्या रविवारच्या चढाईंसाठी. कोण चढलं, दोर कोणी धरला, सगळं जागेवरच लिहायचं. तिच्या मते घरी जाऊन पोट्टे खोटं लिहितात.

११ जानेवारी, रविवार. खदान

कुहीकडं धानाच्या बांध्यांपलीकडं एक बंद दगडखदान आहे. नव्वद फूट काळा कडा, सरळ. मागच्या पायवाटेनं वर जाता येते. वर कोणीतरी जुन्या काळी पहार ठोकून ठेवली आहे, बोटभर गंज, पण हलत नाही. सोनिका तिथं बसून दोर धरते, आम्ही खालून चढतो. आमचे शब्द दोनच. चढणारा म्हणतो धर. उतरल्यावर हूक काढायच्या आधी म्हणतो सुटलो. ते ऐकल्याशिवाय वरच्यानं दोर सोडायचा नाही.

विक्की धर म्हणून ओरडला तर दूरवर एक म्हातारी शेळ्या सोडून हात हलवत धावत निघाली. विक्कीनं तिले टाटा केलं.

पन्नास फुटांवर त्याचा हात सुटला. एक वीतभरही खाली आला नाही, खुंटीवरच्या शर्टासारखा जागच्या जागी लटकला. उतरला आणि हूक काढून थेट मोबाइलकडं पळाला, रील कशी आली पाहायले. सुटलो म्हटलंच नाही. मी शिवी घातली, तर म्हणे, उतरलो नं बे, अजून किती सुटू?

(बसमध्ये लिहितो.)  कुही मागं पडल्यावर सोनिका बोलली. विक्की घसरला तेव्हा दोर तिच्या हातात नव्हता. बारा वाजले होते, ऊन डोक्यावर होतं, दोर बुटाखाली दाबून ती पाणी प्यायले उठली होती. बुटाखालून दोर निसटला, आणि मग कोणीतरी ओढल्यासारखा ताठ झाला. आयुष्यात पहिल्यांदा अशी चूक केली म्हणून रडली. विक्की हसला. मले हसू आलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

विक्कीच्या कमरेवर दोराएवढा जाड वळ आहे. बाराले उठतो, एकपर्यंत जातो. काल पण होता म्हणे. पट्टा घासला असेल. मी बाम दिला.

१५ जानेवारी, गुरुवार

बाराले दुकानात गिऱ्हाईक होतं. विक्की काउंटरमागं चवड्यांवर उभा. मी विचारलं, काहून उंच होऊन राहिला बे? म्हणाला, मी नाही होऊन राहिलो. त्याचा चेहरा पाहिला आणि आत जाऊन त्याच्या खांद्यावर दोन्ही हातांनी दाब दिला. टाचा टेकल्या नाहीत. गिऱ्हाईक स्क्रीनगार्ड लावून निघून गेलं, त्याले काही कळलं नाही.

आमच्या घरी भूत मानत नाहीत. लहानपणी बाबांनी मले स्मशानातल्या झाडाची बोरं आणायले पाठवलं होतं. आणली, खाल्ली, गोड होती. तर मी घाबरत नाही. लिहून ठेवतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज पाय जमिनीवर नव्हते. मी त्याच्या पायांले मिठी मारली. मी सत्तर किलोचा. दोघंही वर चाललो. छत होतं म्हणून थांबलो.

विक्की आता हसत नाही. विचारतो, उद्या छत नसलं तर?

१७ जानेवारी, शनिवार. खदान

सोनिकानं विक्कीले खिडकीच्या गजांशी बांधलं आहे. मी एकटा आलो, ती शेळ्यावाली शोधली. मनकर्णाबाई. आधी मले शिव्याच दिल्या, म्हणे, मी जीव तोडून सांगून राहिली आणि तो पोट्टा मले टाटा करते!

तिचा बाप धोंडबा, त्या पहारीजवळ बसून दोर धरायचा. खाली एक माणूस लटकून सुरुंगाची भोकं पाडायचा. इथला नियम होता, दोर कधी खाली ठेवायचा नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातातच द्यायचा. ती आठ वर्षांची होती. बाराले शिदोरी घेऊन आली, म्हणाली, बाबा, भाकर थंडी होते. त्यानं भाकरीसाठी एक हात काढला. खालचा गेला. मग धोंडबा रिकामा दोर धरून तीन दिवस बसला, आणि बसल्या बसल्याच गेला. तेव्हापासून तिथं कोणी धर म्हणत नाही, म्हटलं की धोंडबा धरते.

मी म्हटलं, विक्की आता येऊन सुटलो म्हणाला तर? ती म्हणाली, आता कानाले नाही मानत तो. हाताले मानते. कोणी जाऊन दोर हातात घेतला, तरच सोडते. मी विचारलं, मग इतक्या वर्षांत तू काहून नाही घेतला, बाई? ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, घेतला असता गा. मंग माह्या हातातून कोणी घेतला असता?

मी घेतो. मानत नाही, तरी घेतो. ज्याले मानत नाही त्याले मित्र देऊन टाकू काय?

१८ जानेवारी, रविवार. खदान

पावणेबारा. मी वर, पहारीजवळ. विक्की आणि सोनिका खाली. आमचा दोर आणलाच नाही. इथं फक्त दगड आणि ऊन.

बारा. विक्कीचे पाय सुटले. वही ठेवतो.

बारा दहा. तो वीस फूट वर आला होता, ओरडत होता. इथं दिसत काही नव्हतं, फक्त काठावर काहीतरी घासल्याचा आवाज. हात पुढं केला. म्हटलं, धोंडबाजी, द्या. माझी पाळी.

आला हातात. खरबरीत, घामानं ओला, विक्कीचं पूर्ण वजन. हळूहळू उतरवला. पाय टेकले. सुटलो म्हणाला. तीनदा म्हणाला! खाली नाचून राहिला, वर पाहून शिव्या देऊन राहिला. जिंकलो!

बारा वीस. डावी मूठ उघडत नाही. उजव्या हातानं लिहितो. उठता येत नाही. ठीक आहे. ऐक धोंडबा, मले कोणी धरलेलं नाही. मी धरून आहे. फरक आहे.

हाक मारायले तोंड उघडलं— आवाज नाही—

सोनिका मागच्या वाटेनं निघाली. तिले समजलं, मी अडकलो. त्या रविवारी दोर सुटल्याचं तिच्या मनातून गेलं नाही. काही विचारणार नाही ती, दोर घ्यायले सरळ हात पुढं—

नाही. माझ्यापाशीच संपेल हे. बसतो मी इथं, ऊन असो की काही. कोणाच्या हातात देणार नाही—

आली. दिसते. डावा हात— तिच्याकडं चालला. मी नाही नेत. मूठ उघडून राहिली, एक बोट— पाठीखाली दाबतो— दाबला जात नाही—

वही फेकतो तिच्याकडं. सोनिका, आधी वाच. जवळ येऊ नको. मी मजेत आहे, हसू नको, हात मागं घे, हात—