वन्सं, सोडा माझी वाट

छत्रपती संभाजीनगर,
संक्रांतीनंतरचा शुक्रवार

तीर्थस्वरूप वन्संना भानुमतीचा वाकून नमस्कार. (वाकून हे कागदावरच. खरी कंबर आता वाकत नाही, आणि वाकली तर उठत नाही.)

तुमचा गुडघा कसा आहे? विश्वजीतनं हौसेनं आणलेलं कानाचं मशीन तुम्ही डबीत घालून कपाटात ठेवून दिलंय, असं तुमच्या सूनबाईंकडून कळलं. बरं केलंत. या वयात जेवढं कमी ऐकू येईल तेवढी प्रकृती चांगली राहते. फक्त त्यामुळं फोनवर बोलायची सोय राहिली नाही. मागच्या खेपेला मी इकडून इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरचे लोक नवरा-बायकोचं भांडण समजून वर आले, आणि तुम्ही तिकडून निवांतपणे "हो हो, सगळे खुशाल" म्हणत होतात. म्हणून हे पत्र. विश्वजीत मंगळवारी दुकानाचा माल न्यायला इथं येईल तेव्हा त्याच्याच हाती देईन. सोबत तिळगूळ आहे. यंदा पाक जरा पुढं गेला (सहा वर्षांत हात विसरला), तेव्हा दात लावू नका, नुसता चघळा.

आम्ही कॅनडाहून कशाला आलोय ते तुम्हाला ठाऊक आहेच. ज्योतीनगरचा फ्लॅट विकायचा, भांडीकुंडी वाटून टाकायची आणि चोवीस तारखेच्या विमानानं कायमचं केयूरकडं जायचं. केयूर गुणाचा आहे हो. त्यानं आमच्यासाठी घराला वेगळी खोली काढली, न्हाणीत धरायला दांडे बसवले. अशा मुलाला कोणत्या तोंडानं नको म्हणायचं? म्हणून मी काही म्हणत नाही. तुमचे भाऊही काही म्हणत नाहीत. आम्ही दोघंही काही म्हणत नाही, आणि रोज कुणीतरी येऊन आमच्या भिंती वाजवून बघून जातं. असो. तो विषय नाही. विषय कार्डाचा आहे.

निघताना केयूर म्हणाला होता, "बाबा, रोकड नेऊ नका, हे आपल्या बँकेचं कार्ड जगात कुठंही चालतं." जगात चालत असेल, शहागंजात चालत नाही. इथल्या बँकेत आमचं जुनं खातं आहे, पण सहा वर्षं कुणी हात लावला नाही म्हणून ते निजलंय म्हणे. त्याला जागं करायचं तर आपल्या जुन्या मोबाइलवर एक आकडा येतो, तो सांगावा लागतो. आणि तो जुना नंबर आता शहरातल्या दुसऱ्याच कुणाकडं गेलाय. तुमच्या भावांनी त्या माणसालाही फोन लावून बघितला. तो बिचारा म्हणाला, "चाचा, आकडा आया तो जरूर बताता." इतका भला माणूस, पण बँकेतल्या क्लार्कला काही पटेना.

मग उरलं कॅनडाचं कार्ड. एटीएमचं मशीन त्याच्यावर एका वेळी दहा हजारांवर देत नाही, आणि दरवेळी इकडची बँकही हात मारते आणि तिकडचीही. तुमचे भाऊ एटीएमला निघतात ते मंत्रालयात सुनावणी असल्यासारखे. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही चष्मे, खिशात रुमाल. मला दाराशी पहाऱ्यावर उभी करतात, कुणाला आकडा दिसू नये म्हणून पाठीची भिंत करतात, आणि मग काचेचं दार किलकिलं करून मलाच विचारतात, "अगं ए, आकडा काय आपला?" मी सांगते. सगळी रांग ऐकते. एकदा मागचा पोरगा म्हणाला, "काकू, जरा हळू, मला पाठ झाला." तरी मशीन कधी पैसे देतं, कधी नुसतंच घरघरून कार्ड परत करतं.

बाहेर तर आणखी मजा. संक्रांतीचे तीळ घ्यायला शहागंजात गेलो तर तीळवाला, गूळवाला, बांगड्यांवाली, सगळ्यांच्या पुढं ते चौकटी-चौकटीचं चित्र टांगलेलं. "चाची, स्कॅन करो." आम्ही काय स्कॅन करणार, कपाळ? यांनी कार्ड पुढं केलं तर त्या पोरानं ते उलटं-पालटं करून, नखानं खरवडून बघितलं आणि परत दिलं. म्हणाला, "अच्छा है." वन्सं, तुम्हाला आठवतं, पगाराच्या दिवशी हे पाकीट आणून देवापुढं ठेवायचे, तुम्ही माहेरी आलेल्या असलात की पहिली नोट तुमच्या हातावर, आणि मग तिघं मिळून गुलमंडीवर गरम इमरती खायला? पाकीट पातळ असायचं, पण ते उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्या दिवशी मी शहागंजच्या चमन बागेपाशी उभी राहिले आणि मला रडूच आलं. हे म्हणाले, धूळ लई झालीय इथं. मी म्हटलं, व्हय, धूळच.

शेवटी तीळ दिले आमच्या दारावर येणाऱ्या सरूबाईनं. ती पाचोडची, भाजी आणते, बोरं आणते, सध्या हुरडा आणते. म्हणाली, "न्या की काकू, पैसं काय पळून जात्यात का? तुमी तरी कुठं पळून जाताय?" मी म्हटलं, जातेय गं, चोवीसला. तर तिनं पाटीत हात घालून आणखी दोन कणसं काढून दिली.

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात संध्याकाळी हे फिरायला गेले होते आणि यांचा मोबाइल घरीच चार्जिंगला होता. तो वाजला. कॅनडाच्या बँकेतून एक पोरगी बोलत होती, आवाज लई गोड. म्हणाली, तुमच्या कार्डावर संशय आलाय. एकाच सकाळी ते औरंगाबादच्या मशीनमध्ये चाललं आणि तासाभरात छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात. एक माणूस तासात दोन शहरांत कसा? मी तिला माझ्या इंग्रजीत (नातीला शाळेत सोडायला जाण्यापुरतं आहे) समजावलं की बाई, शहर एकच आहे, नाव बदललं. ती म्हणाली, असं का, मग आधी तुम्ही खऱ्या कोण ते बघू. माझी जन्मतारीख विचारली. मी श्रावणातली हे तुम्हाला माहीत आहे, पण शाळेत गुरुजींनी सगळ्या वर्गाला एक जून लावून टाकला होता, म्हणून मी एक जून सांगितलं. ती खूश. मग म्हणाली, हे खातं दोघांचं आहे ना, तर तुमच्या यजमानांचं नाव सांगा.

वन्सं, आता आली का पंचाईत! लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय मी कधी यांचं नाव घेतलंय? तिकडं डॉक्टरकडं गेलो तरी मी मुकाट यांचं कार्ड पुढं सरकवते. मी म्हटलं, "ही." ती म्हणाली, ही कोण? मी म्हटलं, "माय ही." ती म्हणाली, मॅडम, पूर्ण नाव हवं, नाहीतर मला पुढं जाता येणार नाही. आणि तिचा तो आवाज ऐकून मला एकदम तुम्ही दिसलात! औरंगपुऱ्यातल्या आपल्या त्या दोन खोल्या, उंबऱ्यावर तांदळाचं माप, मी दमलेली, शालू टोचतोय, आणि तुम्ही दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवून उभ्या. "नाव घे, मगच आत." मी घेतलं तर म्हणालात, "ऐकू आलं नाही." दुसऱ्यांदा घेतलं, तरी "ऐकू आलं नाही." (तेव्हा तुमचे कान सशासारखे तिखट होते. देवानं नंतर हिशेब पुरा केला.) आणि तुमच्या भावांची पाळी आली, पंगतीत मला घास देताना नाव घ्यायची, तर हे भरलं ताट सोडून हात धुवायला पळाले ते अजून परतले नाहीत. एवढ्या वर्षांत मला 'अगं ए'च्या पुढं नाव मिळालं नाही.

तर मी डोळे मिटले, डोक्यावरून पदर घेतला आणि फोनवर म्हटलं:

उंबऱ्यावर माप तांदळाचं, रांगोळीचा थाट,
व्यंकटरावांचं नाव घेते, वन्सं, सोडा माझी वाट.

हो, सवयीनं 'वन्सं'सुद्धा गेलं. मग पोरगी म्हणाली, नाव जुळलं, पण हे गाणं होतं का? मी म्हटलं, आमच्याकडं आत जायचं असलं की असंच म्हणावं लागतं. ती म्हणाली, हाउ लव्हली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तुमच्यानंतर माझा उखाणा मन लावून ऐकणारी हीच.

मग तिनं एकेक खर्च वाचून दाखवला. मशीनमधले पैसे? आमचे. औषधाचं दुकान? आमचं. 'बद्रीनाथ कूलर हाउस'? मी म्हटलं, कोण बद्रीनाथ? अहो, भर पौषात, गोधडीतून नाक बाहेर काढवत नाही अशा थंडीत कूलर कोण घेईल? आणि चोवीसला जाणारी माणसं कशाला घेतील? मी ठणकावून सांगितलं, हा चोर! ती म्हणाली, शाब्बास मॅडम, आणि तिथल्या तिथं कार्ड बंद करून टाकलं. नवीन कार्ड पाठवते म्हणाली. कुठं, तर कॅनडाच्या पत्त्यावर.

हे फिरून आले. मी ऐटीत सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, वा, चोर पकडलास. तर हे मटकन खुर्चीत बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुला फोन उचलायला कुणी सांगितलं होतं?" मी समजले, बायकोनं चोर पकडला म्हणून पोटात दुखतंय.

तेव्हापासून आम्ही बिनपैशाचे आहोत. केयूर म्हणतो, शेजाऱ्यांच्या खात्यात पाठवतो. हे म्हणतात, काही नको. पिठलं-भाकरी करते, सरूबाईची मेथी, वरच्या मजल्यावरच्यांचं दही. रिक्षा नाही म्हणून पायीच औरंगपुऱ्यापर्यंत जाऊन येतो, रस्त्यात हे जुन्या ओळखीच्या प्रत्येक दुकानाशी थांबतात. खरं सांगू वन्सं? फार सुखाचे दिवस चाललेत. महिनाअखेरीस आपण तिघं असेच राहायचो ना, खिसा रिकामा आणि घरात हसणं. तिकडं कार्ड रोज चालायचं, पण कुणी 'न्या की, कुठं पळून जाताय' म्हणणारं नव्हतं. याची मला फार आठवण यायची, आणि जाईन तेव्हा पुन्हा येईल. चोर मात्र अजून सापडलेला नाही.

तब्येतीला जपा, गुडघ्याला निर्गुडीचा शेक घ्या. विश्वजीतला, सूनबाईंना आशीर्वाद.

तुमची,
भानुमती

ता. क. तिळगुळाचा डबा स्टीलचा आहे, परत पाठवायची घाई नाही. नाहीतरी भांडी वाटायचीच आहेत.

ता. क. दुसरा, सोमवारी. पाकीट चिकटवणार एवढ्यात चोर सापडला. सकाळी दारात टेम्पो थांबला आणि एक पिकल्या मिशांचा माणूस कूलर घेऊन वर आला. बद्रीनाथ. मी म्हटलं, आम्ही नाही घेतला. तो म्हणाला, "साहेबांनीच पसंत केला की वहिनी! बँकेनं पैसे वापस नेले म्हणून काय झालं, चीज त्यांची आहे, पैसे सवडीनं येतील. सगळे कूलर उघडून बघितले त्यांनी. मोठ्या टाकीचाच पाहिजे म्हणाले. मे महिन्यात दोन-दोनदा पाणी भरायला लागू नये, घरच्यांची कंबर धरते." मी वळून यांच्याकडं बघितलं. हे खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "थंडीत स्वस्त मिळतो." बास. आता कूलर खिडकीत बसलाय आणि फ्लॅट बघायला आलेला माणूस विचारून गेला, हा सोबत मिळणार का? हे म्हणाले, "नाय!" इतक्या मोठ्यानं की तो माणूस चप्पल घालायची विसरून दोन पायऱ्या उतरला.

ता. क. शेवटचा, आणि खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. हे मुलाला नको म्हणणार नाहीत, मी यांना थांबा म्हणणार नाही. आमच्या घरात ही रीतच नाही. म्हणून तुम्ही या. हे पत्र हाती पडलं की विश्वजीतच्याच गाडीत बसा, गुडघा दुखला तर इथं मी शेकते. चोवीसला सकाळी बॅगा दाराशी आल्या की तुम्ही दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या राहा. तेव्हा आत येताना अडवलंत, आता बाहेर जाताना अडवा. भावाला म्हणा, बायकोचं नाव घे, मगच वाट सोडते. घेतलं, तरी ऐकू आलं नाही म्हणा. आणि घाबरू नका, त्यांना उखाणा येत नाही, आणि मी काही शिकवणार नाही.