एक सूत ढिलं

४ फेब्रुवारी, मंगळवार

असलं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं!

कडुबा आला सकाळी. काकासाहेबांचा अंगरक्षक. फौजेतून रिटायर झाला, स्वतःच्या लायसनचं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि त्यांच्याकडं लागला. आता कमरेचं कव्हर नवं पाहिजे म्हणाला. मी नेहमीचं विचारलं — उजवीकडं की डावीकडं, शर्टाच्या आत की बाहेर? सगळं सांगितलं. मग दाराकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणतो, "मुंजाबाभाऊ, घट्ट पाहिजे. लई घट्ट. ओढलं तरी लवकर निघाय नको."

मी म्हटलं, "मग वरून खिळाच मारतो की!"

हसला नाही.

छावणीत दुकान टाकलं तेव्हापासून कव्हरं शिवतोय. बँकेचे गार्ड, कॅश व्हॅनवाले, लायसन मिरवणारे प्लॉटिंगवाले — सगळ्यांची मागणी एकच. हात लागला की निघालं पाहिजे! काहीजण तर आमच्या आरशापुढं उभे राहून काढून-काढून बघतात, स्वतःवरच नेम धरतात आणि खूश होऊन जातात. निघूच नये म्हणणारा हा पहिला.

पायरी उतरताना वळून म्हणाला, "साहेबांना यातलं काय बोलू नका."

हे वाक्य दिवसभर कानातून गेलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती तोंडावर आलीय. ढोल पथकाचे कमरपट्टे, मिरवणुकीच्या तलवारींची म्यानं. सोमनाथची — आमच्या कारागिराची — मान वर होत नाही. एका म्यानाचं तोंड त्यानं आज फारच सैल कापलं. म्हटलं, "अरे, घोडा नाचला की तलवार लोकांच्या पायात पडंल!" तर म्हणतो, "मालक, तिला धार कुठंय? तिच्यानं मेथी बी निवडायची नाय."

हसलो. पण मन कडुबाच्या कव्हरात अडकलेलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कडुबा आज दुकानात बसूनच होता. हत्यार दुसऱ्याच्या ताब्यात ठेवता येत नाही, आणि कव्हराला घाट द्यायचा तर हत्यार लागतंच. गोळ्या काढून त्यानं खिशात टाकल्या, मग रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं.

बाभळीच्या सालीत कमावलेलं जाड चामडं घेतलं. कोमट पाण्यात बुडवलं. बुडबुडे थांबले की काढायचं — उस्तादांची शिकवण. रिव्हॉल्व्हरला पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, आत घातलं, आणि आधी अंगठ्यांनी, मग हाडाच्या पट्टीनं दाबत गेलो. गोळ्यांच्या चक्राचा फुगवटा, नळीची कड, चापाची कमान — ओल्या चामड्यावर सगळं उमटतं. वाळलं की ते चामडं त्या एकाच हत्याराचं होतं, दुसरं त्यात बसत नाही.

वाळायला ठेवलं आणि मोगरी घेऊन रिकाम्या ठोकळ्यावर ठोकत बसलो. ही माझी जुनी खोड! लाकडी हातोड्याचा आवाज चालू असला की लोकांना वाटतं, हा माणूस बहिरा. निम्मी छावणी मला अशीच कळलीय.

कडुबाला फोन आला. दाराकडं तोंड करून बोलला. माझ्या कानावर आलं ते असं —

"व्हय शिवराजशेठ… मोजणी होऊ द्या. तवर मला हालता येणार नाय… मग तुमच्याकडंच… नाय, साहेबांना अजून माहीत नाय… त्या दिवशी काय झालं तर माझ्यावर याया नको, एवढंच बघतोय."

मोगरी मी थांबू दिली नाही. 

८ फेब्रुवारी, शनिवार

शिवराजशेठ म्हणजे काकासाहेबांचा सावंगीकडच्या जमिनीतला शेजारी. हद्दीवरून दोघांचं जुनं भांडण. एकदा काठ्याही निघाल्यात. येत्या वीस तारखेला सरकारी मोजणी. काकासाहेब बांधावर उभे असणार आणि त्यांच्या शेजारी कडुबा.

सकाळपासून मांडून बघतोय, दर वेळी तेच दिसतं. शिवराजची माणसं येणार. कडुबा कमरेला हात घालणार, ओढणार — निघणार नाही! सगळा गाव बघेल, बिचाऱ्यानं किती झटापट केली. काकासाहेब जातील. कडुबाला कुणी बोट लावणार नाही. कव्हर अडकलं, त्याला तो काय करणार! आणि मग — "तुमच्याकडंच".

मारायची तयारी करणारे लोक मी पाहिलेत. हा न वाचवायची तयारी करतोय. आणि ती माझ्या हातून!

कस्तुराबाईला सांगितलं. भाकरी थापता-थापता ऐकलं तिनं. म्हणाली, "कडुबाची बायको अन मी एका भिशीत. तसा माणूस वाटत नाय तो. काकासाहेबांच्या घरातच काय तरी बिनसलंय म्हणत होती ती. या मोजणीतच लेकीला बी जमिनीत हिस्सा पाडून देणार हायेत म्हणं ते. तनुजाला."

"मोठ्या मनाचा माणूस," मी म्हटलं. "आणि त्याच्यावर ही वेळ!"

"अहो, पण कडुबाला नीट इचारलं का तुमी? सारखं कान काय लावता, जरा तोंड उघडा की."

बायकांना हे डाव कळत नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

उस्मानपुऱ्यात जाऊन आलो, काकासाहेबांकडं.

सोयगावहून आलो तेव्हा बापाची मेंढरं सोडली तर मला कशातलं काही कळत नव्हतं. उस्तादांकडं खोगिरं शिवता-शिवता हात बसला. पण दुकानाला जागा द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा जागामालकाकडं स्वतः चालत जाऊन शब्द टाकला तो या माणसानं. ओळख किती? एक पट्टा शिवून दिला होता, एवढीच!

आडूनच म्हटलं, "वीस तारखेला आणखी दोन माणसं घ्या संगट."

"कडुबा हाय की."

"कडुबावर एवढा भरवसा?"

कप बशीत ठेवला त्यांनी. "मुंजाबा, माझ्या घरात वावरणाऱ्या माणसावर मी शक घेत नसतो. आन कुणी घेतलेला ऐकून बी घेत नसतो. तू पट्टे शिव."

विषय संपला. तेवढ्यात इंद्रजीत आला, त्यांचा मुलगा. वाकून पाया पडला. "काका, मला बी एक पट्टा करा, बाबांच्यासारखा." गोड बोलणारा, हसतमुख. मुलगा असावा तर असा.

एक मात्र टिपलं. इंद्रजीत आत आला तसा दाराशी उभा असलेला कडुबा हळूच सरकला आणि उजवी, रिव्हॉल्व्हरवाली कंबर भिंतीला लावून उभा राहिला. माणसाच्या मनात काळं असलं की तो असाच भिंत धरतो.

पोलिसांकडं जावं? काय सांगू — साहेब, एकानं कव्हर घट्ट मागितलंय? चहा पाजून वाटेला लावतील.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं!

नाही म्हटलं तर तो दुसरीकडून शिवून घेईल. तेव्हा शिवायचं मीच. पण माझ्या मनासारखं.

शिलाई एक सूत बाहेर घेतली. डोळ्याला दिसत नाही, हत्याराला कळतं. मग त्या मोकळ्या जागेत मेंढीच्या मऊ चामड्याचं अस्तर डकवलं, लव असलेली बाजू आत. नवी असताना ही लव हत्याराला घट्ट धरते — दोन्ही हातांनी ओढा, दाद देत नाही. आठवडाभर हत्यार आत राहिलं की ती दबते. अस्तर बसतं. मग तेल लावल्यासारखं सरकतं.

वरच्या पट्टीच्या टिचबटणाची आतली तार पक्कडीनं किंचित फाकवली. लावताना छान टिच्च वाजतं. माझ्यासारख्या कानाच्या माणसालाही फरक कळू नये! पण हिसका बसला की उघडणार.

रापीनं कडा सारख्या केल्या, घासल्या, मेण दिलं. देखणं झालंय. उस्तादांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती की थोबाडीत दिली असती? गिऱ्हाईक सांगेल ते शिवावं, नाहीतर तोंडावर नाही म्हणावं, असं त्यांचं होतं. पण इथं एका माणसाचा जीव आहे!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कव्हर घेऊन गेला. आधी एका हातानं ओढून बघितलं, मग दोन्ही हातांनी. पट्टी लावून बघितली, काढून बघितली. सोमनाथलाही ओढायला लावलं. नाही निघालं.

आल्यापासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला. "भाऊ, आता झोप लागंल मला."

झोप लागंल म्हणे!  वरून मी त्याला चहा पाजला, त्याच्या रेजिमेंटचे किस्से ऐकले, पाठीवर थापही मारली. गोड बोलण्यात मला कुणी मागं टाकायचं नाही.

१४ फेब्रुवारी

कस्तुराबाई विचारते, "इचारलं का त्याला?" म्हटलं, गरज नाही आता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कडुबा पुन्हा आला! बरोबर इंद्रजीत, पट्टा न्यायला. तो बाहेर गाडी लावत होता तेवढ्यात हा घाईघाईनं आत शिरला.

"भाऊ, ढिलं पडल्यावानी वाटतंय."

 तोंड हसरंच ठेवलं मी. "नवं चामडं हाय कडुबा. अंगाची ऊब लागते, हालणारच. चार दिसांत आवळतं पुन्हा."

"नक्की?"

"मी शिवलेलं कधी परत आलंय का?"

तो काउंटरवर वाकला. तोंड माझ्या कानाशी आणलं. "खरं सांगू का भाऊ, हे मी कशापायी—"

"काय कुजबुज चाललीय म्हाताऱ्यांची?" इंद्रजीत आत!

कडुबा काउंटरवरून सरळ उभा राहिला.

इंद्रजीतनं पट्टा लावून बघितला, आरशात वळून-वळून बघितलं, माझ्या हाताची तारीफ केली. मग सहज कडुबाच्या कमरेकडं हात नेला. "हे बी तुमच्याच हातचं ना? बघू दे की कडुबाकाका."

कडुबा झटक्यात मागं सरला. हात कव्हरावर. "दादा, भरलेलं हाय."

बघा! कुणी हात लावला तर आपलं बिंग फुटेल ही भीती. माझा तर्क आणखी पक्का झाला.

पण सांगायचं काय होतं त्याला? डाव मोडायचा होता का त्याच्या मनात? मोडायचा असेल तर उत्तमच. नसेल तर कव्हर आहेच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. ढोलांनी कान बधिर झाले. आमचे पट्टे, आमची म्यानं, आणि क्रांती चौकात हीऽऽ गर्दी! सोमनाथ ओळखीच्या प्रत्येकाला बोट करून दाखवत होता.

गर्दीत लांबून काकासाहेब दिसले. फेटा बांधलेला. एका बाजूला इंद्रजीत, मागं कडुबा. त्यांनी हात वर केला. मीही केला.

उद्या मोजणी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून हाताला वळण नाही. तीन पट्ट्यांना भोकं वाकडी पडली.

दुपारी सोमनाथ जेवायला गेला तो धावतच परत आला. "मालक, सावंगीकडं गोळ्या चालल्या! काकासाहेबांच्या बांधावर!"

"कुणी झाडल्या?"

"ते काय कळंना. रिव्हॉल्व्हर त्यांच्या गार्डचं म्हणत्यात."

निघालं! कव्हरातून निघालं! एवढ्या लोकांसमोर हत्यार हातात आल्यावर कडुबा करणार काय? झाडावंच लागलं त्याला. वाचवावंच लागलं! मी ठोकळ्याला हात जोडले. सोमनाथला पेढे आणायला सांगणार होतो.

कस्तुराबाईला फोन लावला. "बघ! चामड्यानं काम केलं की नाय?"

 ती म्हणाली, "लागल्या कुणाला, ते कळलं का?"

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काकासाहेब गेले.

घाटी दवाखान्यातून कडुबाचा फोन. शिवराजचं कुणी भांडायला आलंच नव्हतं. तनुजाच्या हिश्श्याचा दगड रोवला आणि इंद्रजीतनं कडुबाच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर ओढलं. एका हिसक्यात. दोन गोळ्या, दोन्ही बापाला.

"आधी दोनदा हात घातला होता भाऊ त्यानं, जुन्या कव्हराला. साहेब पोराबद्दल ऐकून घ्यायचे नाईत. म्हणून घट्ट मागितलं. मोजणी झाली की नोकरी सोडून शिवराजशेठकडं जाणार होतो." रडत होता. "पोलिस म्हणत्यात, घट्ट होतं तर एका हिसक्यात निघालं कसं? तूच काढून दिलंस. आता तुमच्याकडं येत्यात इचारायला. भाऊ… तुमी घट्टच शिवलं होतं ना?"

"व्हय," मी म्हटलं. "घट्टच."