बारावा गुलाब

कोराना, १० ऑक्टोबर १९७८

ती. झ्वोनेदादास, यागोदाचा सा. न., रागावलेली असले तरी.

अरे, बाबांच्या वाढदिवसाला बारा गुलाब? म्युनिकला सात वर्षं राहून इतकं विसरलास? जोडीची फुलं आपण मेलेल्यांना वाहतो, जिवंत माणसाला विषम देतो! मी एक गुपचूप काढणार, तेवढ्यात बाबांनी मोजलेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र हसून म्हणाले, पोराला भारीच घाई झालीय.

मग एक गुलाब खिशाला लावून हट्ट धरला, प्लितवित्सेच्या तळ्यांवर न्या. इवोकाका आणि मी चाकाच्या खुर्चीतून नेलं. झाडं पिवळीजर्द झालीत, धबधब्यांना पाणीही चांगलं आहे. तळ्यावरून जाणारी फळ्यांची वाट बाबांनीच ठोकलेली ना! काठीनं एकेक फळी वाजवून पाहिली, नव्या सुताराला शिव्या घातल्या. शेवटच्या धबधब्यापाशी मात्र काठी मांडीवर ठेवली. तू सुतारकाम सोडलंस तेव्हा तुला नाही नाही ते बोललो, ते चुकलं, म्हणाले. हे त्यांना तुला समोर बसवून सांगायचंय, पत्रातून नाही; मलाच राहवलं नाही.

तो गुलाब आईच्या फोटोपाशी सुकतोय. याची जोड झ्वोने आणील, मग आईला वाहू, म्हणतात. बाबा बर्फ पडेपर्यंत काढतील याचाही डॉक्टरांना भरवसा नाही. दादा, लवकर ये रे.

तुझ्या मायेची वाट बघणारी,
यागोदा

म्युनिक, १७ ऑक्टोबर

चि. यागोदास, अ. आ.

लाज वाटली गं. एक तारखेच्या सर्व संतांच्या सणाला येतो, एकतीसला निघेन. रजा आजही मिळेल, खोटं कशाला सांगू? पण बाबांसमोर उभं राहायचं धाडस होत नाही. थोडे दिवस थांबा म्हणावं त्यांना.

बाबांना नमस्कार, तुला पुष्कळ माया.
झ्वोने

म्युनिक, ८ नोव्हेंबर

चि. यागोदास, अ. आ.

सुखरूप पोचलो. बाबा एकोणतीसला गेले, तुझी तार मिळून मी तीसला आलो. रजा हातात असून बसून राहिलो, याचं काय करू सांग.

आईला जोडी वाहिली तेव्हा तू रडलीस. बाबांच्या मातीवर मी अकरा गुलाब ठेवले तेव्हा मात्र मला कोपरानं ढोसलंस. पेर्काआत्याही मोजून कुजबुजली, परदेशी जाऊन पार विसरला म्हणून. तिथे बोलायला तोंड उघडलं असतं तर हंबरडाच फुटला असता, म्हणून आता लिहितो.

विसरलो नव्हतो गं. वाढदिवसाचे द्यायचे राहिले होते, ते दिले.

रागव हवी तेवढी, पण माया पातळ करू नकोस.

तुझा दादा,
झ्वोने