बाबांच्या ॲम्प्लिफायरचं फिनिशिंग

२८ मार्च, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पाहिजे. आमच्या कंपनीत नोंद नसलेलं काम झालं असं कुणी मानत नाही, आणि मी क्वालिटीत आहे.

काम: बाबांचा बेस ॲम्प्लिफायर. बाबांच्या गायन पार्टीत कडुबामामा गायचे, बाबा बेस गिटार वाजवायचे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून तो डबा आईच्या खोलीत पलंगाशेजारी उभा. रेक्झिन फाटलंय, पुढच्या जाळीचं कापड चहात बुडवल्यासारखं झालंय, पत्र्याचे कोपरे गंजलेत. आवाज मात्र अजून असा की खिडकीची काच थरथरते. आवाजाला हात लावणार नाही. फक्त रूप.

चौदा एप्रिलला कॉलनीच्या मैदानावर, जयंतीच्या स्टेजवर, जुनी पार्टी एकदाच बसणार. बाबांच्या जागी गिटार घेऊन मी. मामांनी ॲम्प्लिफायर हाच मागितलाय. कॉलनीच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'चौदा तारखेला ओळखू येणार नाही.' सत्तावीस अंगठे आले.

३० मार्च, रविवार

आई माहेरी गेली, टापरगावला. बारा तारखेला येईल. जाताना म्हणाली, नुसतं पुसून ठेव, लई काय करू नको. डब्याच्या मागं रेक्झिनवर गावांची नावं लिहिलेली आहेत, कुठं ऑइलपेंटनं, कुठं बॉलपेननं, सगळी वेडीवाकडी. त्याबद्दल ती काहीतरी सांगत होती. मी तेव्हा मापं घेत होतो. माप घेताना लक्ष विचलित झालं की संपलं.

१ एप्रिल

हैदरला फोन केला. शाळेपासूनचा दोस्त, पीर बाजाराकडं रिक्षाच्या सीटा शिवतो. म्हणाला, डब्बा इधर ला भूषण, दो घंटे में मढ़ के देता. नाही म्हटलं. बापाची वस्तू मुलानंच करावी. शिवाय हैदरचं काम रिक्षाच्या लेव्हलचं. त्याला काळं रेक्झिन, चिकटवायचं सोल्यूशन, थिनर आणि कोपऱ्यांच्या गंजावर लावायचा तांबडा रंग, रेड ऑक्साइड, पाठवायला सांगितलं.

अंदाज: तीन दिवस. राखीव एक.

३ एप्रिल, गुरुवार

काकासाहेबांकडे रजा मागितली. ते आमचे सुपरवायझर आणि राहतात आमच्याच गल्लीत, हे माझं नशीब. ऑडिट चालू आहे. म्हणाले, लग्न, मयत आणि कांजिण्या सोडून कशालाबी सुट्टी नाय.

लग्न झालेलं आहे. मयत ओढवून घेणं बरं नाही.

४ एप्रिल

कांजिण्या. सकाळी फोनवर कळवलं. काकासाहेब एकदम मायेनं बोलले, दहा दिवस घराबाहेर पाय टाकू नको म्हणाले. दहा दिवस! मागितले असते तर चारसुद्धा मिळाले नसते. सरिता म्हणाली, मी खोटं बोलणार नाय, फक्त दार लावून घेईन. बायको म्हणून एवढा सपोर्ट पुरे.

संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांनी दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला.

५ एप्रिल, शनिवार

जुनं रेक्झिन पूर्ण उतरवलं. अवघड काम. चिकटलं होतं तिथं तुकडे झाले. सगळं पोत्यात भरलं. आतलं लाकूड बघून समाधान वाटलं. जुन्या माणसांना फिनिशिंगचं काही कळत नव्हतं.

दुपारी काकासाहेब शहाळं घेऊन खिडकीत. मी चादरीत. तोंडावर एक फोड नाही आणि माणूस क्वालिटीतला. पाठमोरा राहून कण्हलो. म्हणाले, उद्या परत येतो.

रात्री विचार करून उपाय काढला.

६ एप्रिल

रेड ऑक्साइड. काडीनं तोंडावर, मानेवर, हातांवर ठिपके दिले. अंतर सारखं ठेवलं नाही. निसर्गात अंतर सारखं नसतं. काकासाहेब लांबूनच बघून गेले. सरिता हसली नाही, म्हणजे उत्तम जमलं.

रात्री साबणानं निघत नाहीत असं लक्षात आलं. किरकोळ.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ९

हे लिहावं की नाही कळत नाही. साडेसातला कडुबामामांचा फोन. गावं नीट हायत ना रं, म्हणाले. मी म्हटलं कुठली गावं. मग मामा बोलतच सुटले. त्यो डबा म्हंजी आमची वही हाय. ज्या गावात कार्यक्रम, तिथल्या नव्यानं लिहाया शिकलेल्या माणसाच्या हातनं गावाचं नाव लिवून घ्यायचं, ह्यो तुझ्या बापाचा नेम. फकिरानं कंदी मोडला नाय. टापरगावचं नाव तुझ्या मायनं लिवलंय. सोळा वर्साची व्हती, साक्षरतेच्या वर्गाला दोन महिने गेल्ती. समद्या गावापुढं पयल्यांदा लिवलं पोरीनं. हात लटलट कापत व्हता. तिथंच फकिरानं ठरवलं, लगीन करीन तर हिच्याशीच.

फोन ठेवला तेव्हा पोतं सरितानं कचऱ्याबरोबर गल्लीच्या कडेला ठेवलेलं होतं. घंटागाडीचं गाणं गल्लीत वाजत होतं. दार उघडलं. पोतं दहा पावलांवर, गाडीच्या मागच्या चाकाशी. आणि गाडीपाशी बादली घेऊन काकासाहेब.

दहा पावलं. धावत जाऊन पोतं उचलायचं होतं, बस. मी दाराआड झालो. फटीतून बघितलं. काकासाहेबांनीच पोतं उचलून आत टाकलं. आजाऱ्याच्या घरचं म्हणून.

नोकरी गेली असती. ऑडिट चालू आहे. कुणीही हेच केलं असतं.

त्याच दिवशी, दुपारी

गाडी कुठं रिकामी होते ते विचारायला हैदरला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, गाडी कब की खाली हो गई. मग म्हणाला, भूषण, मैंने बोला था ना, इधर ला. ही काय वेळ आहे का हे बोलायची?

८ एप्रिल

शांतपणे विचार केला की प्रत्येक अडचणीवर मार्ग असतो. नवं रेक्झिन चढवायचं आणि नावं परत लिहायची. पांढरा पेंट मार्कर घरात आहे. आईला यायला चार दिवस आहेत.

९ एप्रिल

रेक्झिन चढवतोय. खिडकी बंद, नाहीतर काकासाहेब बघतील. कूलर बंद, नाहीतर सोल्यूशनवर धूळ बसते. बाहेर एक्केचाळीस. डोकं गरगरतं. सरिता ताट दारातून सरकवते. आज म्हणाली, तुमी तुरुंगात हाय का मी, तेवढं सांगा.

तिला कलाकाराची एकाग्रता कळत नाही. पण प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला.

१० एप्रिल

मामांना फोन, 'कार्यक्रमात उल्लेख करायला' म्हणून गावं विचारली. अठरा आठवली. मूळ नावं चाळीसच्या वर असावीत. उरलेली एसटीच्या वेळापत्रकातून घेतली. त्या रस्त्यांवर पार्टी गेलीच असणार.

नवशिक्याचं अक्षर दिसावं म्हणून डाव्या हातानं लिहितोय. चांगलं येतंय. टापरगाव सगळ्यात शेवटी लिहिलं, तीनदा कागदावर गिरवून. सोळा वर्षांच्या मुलीचा हात कसा कापत असेल याचा विचार करून मुद्दाम थोडा हलवला.

पुढं चंदेरी कापड, कोपरे चकचकीत. खरं सांगतो, शोरूममधला वाटतोय.

१२ एप्रिल, शनिवार

आई आली. कांजिण्यांची बातमी टापरगावला पोहोचली होती. माझं तोंड बघून रडायलाच लागली, पिशवीत कडुनिंबाचा पाला. मग जवळून बघून म्हणाली, ह्यो तर रंग हाय. सगळं सांगावं लागलं. म्हणजे रजेचं. पोत्याचं नाही.

ॲम्प्लिफायर पुढून बघितला. नवंच दिसतंय, म्हणाली. मागची बाजू भिंतीला होती. मीच तशी ठेवली होती.

१३ एप्रिल

थिनरनं ठिपके काढले. ठिपके राहिले, भोवती खरी पुरळ उठली. आता मला बघून डॉक्टरसुद्धा फसेल. आणि उद्या काकासाहेब पहिल्या रांगेत असणार, ते जयंती समितीत आहेत. कांजिण्यांची दहा दिवसांची मुदत उद्याच पूर्ण होते, पण हे तोंड घेऊन स्टेजवर कसा जाणार?

मामांना कळवलं. म्हणाले, बरं. नातवाला बसवतो.

१४ एप्रिल, सोमवार. रात्री ९

हैदर त्याच्या भाच्याची रिक्षा घेऊन आला आणि डबा नेला. मढ़ाई अच्छी है, म्हणाला, मागची बाजू बघून मात्र तिच्यावर चादर टाकली. आई पांढरी साडी नेसून गेली. सरिता गेली. सगळी कॉलनी गेली.

मी खोलीत. खिडकी बंद.

मैदान इथून दोनशे पावलं. आठ वाजता पहिलं गाणं सुरू झालं आणि खिडकीची काच थरथरली. बाबांचा डबा. वाजवत होता मामांचा नातू. काचेवर हात ठेवून उभा राहिलो. फार रडू आलं. थिनरची वाफ अजून खोलीत आहे, पण आजचं रडू तिच्यामुळं नव्हतं.

१५ एप्रिल

सरितानं सांगितलं. गाणी झाल्यावर मामांनी डबा फिरवून घेतला आणि आईला स्टेजवर बोलावलं. गीता, तुझं अक्षर दाव सगळ्यांना. आई वाकून बराच वेळ शोधत राहिली. मग मी लिहिलेल्या टापरगाववर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे काय, हे माझं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकासाहेबांनी फोटो काढला.

सरिता म्हणाली, तुमच्यासाठी खोटं बोलल्या त्या. मी नाय बोलले.

संध्याकाळी आईच्या खोलीत गेलो. तिनं डबा जुन्या जागी ठेवून घेतला होता, मागची बाजू भिंतीकडं. मी म्हटलं, आई, नावांचं... ती म्हणाली, जेव. मी म्हटलं, डबा असा का ठेवला? म्हणाली, तिकडून बघण्यासारखं काय नाय आता.

मग माझ्या तोंडाला कडुनिंबाचा लेप लावत बसली. तिचा हात कापत होता. मी लिहिलं होतं तसा नाही.

उद्या फर्स्ट शिफ्ट.