माझे चौदा खडे

३ मार्च, मंगळवार. दुपारी १२.
सर्जन बघून आलो. चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा. सोनोग्राफीचा कागद उजेडाकडे धरून म्हणाला, पित्ताशयात खडे आहेत, बरेच. बरेच म्हणजे किती, मी विचारलं. म्हणाला, मोजत बसत नाही आम्ही. एवढी वर्षं शिकून मोजता येत नाही! मी दहावीला गणितात तीनदा बसलो, पण मोजता येतं.

परवा गुरुवारी या म्हणाला. चार छिद्रं पाडून पित्ताशय काढतो, दोन दिवसांत घरी, महिनाअखेर हिंडा कुठे हिंडायचं ते. एकतीसला मी विजेचे टॉवर उभारणाऱ्या टोळीबरोबर डोंगरात निघतोय, आठ महिने, हे त्याला सांगायलाच नको होतं. लगेच तारीख जुळवून दिली. गिऱ्हाईक सुटू नये म्हणून.

घरीच बरा होणार. प्लॅन उद्या.

४ मार्च, बुधवार.
प्लॅन: तेलकट बंद, सकाळी चालणं. चालायला निघालो तर कोपऱ्यावर चौघं मिळून दुकानाचा बोर्ड चढवत होते. आपल्याला टॉवरच चढवायचेत, बघून ठेवू म्हणून थांबलो. चौघांनाही दोर कसा बांधतात ते ठाऊक नाही. एक वाजेपर्यंत सूचना दिल्या. शेवटी शिडीवरच्याने हातमोजा फेकून मारला. अडाणी. भूक लागली, चीज भरलेले दोन पाव खाल्ले. चीज म्हणजे तेल नव्हे.

५ मार्च, गुरुवार.
ऑपरेशनचा दिवस. गेलो नाही. ताईने दातांच्या दवाखान्यातून तीन फोन केले. ती तिथे रिसेप्शनला बसते, त्यामुळे पांढरा कोट दिसला की तिला देव दिसतो. म्हणाली, बाबांसारखा हट्टी आहेस, फरक एवढाच की बाबांना काहीतरी येत होतं.

तिच्या हॉलमधल्या दिवाणावर पाचवा महिना. एकतीसला दिवाण मोकळा होईल, असं ती आल्यागेल्याला सांगते. सांगू दे.

९ मार्च, सोमवार.
दुखलं. उजव्या बरगडीखालून निघालं, पाठीत गेलं, तिथून खांद्यात. दोन तास गुडघे पोटाशी घेऊन पडलो. कारण शोधलं: दिवाणाची गादी. मध्ये खचली आहे. ताईने विचारलं, काल उरलेले तळलेले मासे कुणी संपवले. कशाचा कशाशी संबंध!

११ मार्च, बुधवार.
टोळीच्या मुकादमाचा फोन. फिटनेस सर्टिफिकेट आणशील ना, म्हणाला. तुझी जागा धरून ठेवलीय, बाकीचे नको म्हणत होते, तोंड फार चालतं म्हणे याचं, पण मी म्हटलं येऊ दे पोराला.

आजवर अकरा नोकऱ्या झाल्या. दुसऱ्यांदा बोलावणारा हा पहिलाच. तेव्हा जायचंच. घोड्यासारखा आहे, असं कळवलं. बोलताना वाकलेला होतो, पण फोनवर ते दिसत नाही.

१३ मार्च, शुक्रवार.
उपाय मिळाला! फोनवर एक टकलू गृहस्थ आहेत. दिवसभर फक्त सफरचंदाचा रस, मग पेलाभर तेल आणि पेलाभर लिंबाचा रस एकत्र ढवळून एका दमात, उजव्या कुशीवर पडून राहायचं. सकाळी खडे आपोआप बाहेर. कापाकापी नाही. लाखो लोक बघतात. सर्जनला किती लोक बघतात?

त्यांचाच दुसरा व्हिडिओ निघाला, टक्कल कसं टाळावं. तोही बघितला. मग एक होडी बांधण्याचा. दिवस कारणी लागला.

१४ मार्च, शनिवार.
रस प्यायलो. आठ वाजता तेल-लिंबू. चव लिहिण्यासारखी नाही. तेलकट बंद हा नियम मोडला असं ताई म्हणते. हे औषध आहे हे तिला कळत नाही. भाऊजी म्हणाले, एवढं तेल तर आम्ही मशीनलासुद्धा घालत नाही.

१५ मार्च, रविवार. सकाळी ९.
विजय. चौदा खडे. हिरवे, वाटाण्याएवढे. एक तर सुपारीएवढा. गाळणीत धुतले. (ताईची चहाची गाळणी आता कुणी वापरू नये.) काचेच्या बरणीत भरून टीव्हीवर ठेवले. दुखणं शून्य. सर्जनला नेऊन दाखवावेत म्हणतो. मोजूनही देईन.

ताईने बरणीवर रुमाल टाकला. मत्सर.

१६ मार्च, सोमवार.
भाऊजींची लायकी आज कळली. साबणाच्या कारखान्यात वीस वर्षं वड्या कापतोय हा माणूस. कामावरून आला, बरणी उघडली, एक खडा काढून चिमटीत दाबला. दबला. वास घेतला. मग नळाखाली धरून तळहातावर चोळला, तर थोडा फेस आला.

साबण आहे, म्हणाला. कच्चा. तेल फार, सोडा कमी पडलाय. आतडी चांगली आहेत तुझी मेहुण्या, पण घोटाई नीट नाही. आमच्याकडे असा माल परत कढईत जातो.

ताई हसून हसून खाली बसली. म्हणाली, अरे, पोटात कारखाना काढलास होय, निदान धुणं तरी काढ घरातलं. भाऊजी म्हणाला, खडे आतच आहेत, अजून पंधरा दिवस आहेत, जा सर्जनकडे.

वीस वर्षं साबण बघितला की माणसाला जिकडेतिकडे साबणच दिसणार. मी वाद घातला नाही. म्हणजे तासभर घातला.

१७ मार्च, मंगळवार.
दगड असता तर पाण्यात बुडाला असता, असं भाऊजी कामाला निघता निघता म्हणाला. चौदाच्या चौदा तरंगले. हलक्या जातीचे खडे असतात. दुपारी उन्हात ठेवले. आता बरणीत खडे नाहीत, हिरवं तेल आहे. खडे विरघळले हे तर आणखी चांगलं लक्षण.

२१ मार्च, शनिवार.
चार दिवस लिहायला सवड झाली नाही. डोंगरातली भाषा शिकायला घेतली होती. नमस्कार आणि पाणी कुठे आहे, एवढं आलं. शिकवणारी बाई पुस्तकातून एकसुरी वाचते, सोडून दिलं. दोनदा दुखलं. गॅस.

२६ मार्च, गुरुवार. दुपारी.
उद्या सर्टिफिकेट घ्यायचं. सकाळी भाऊजीने पुन्हा विचारलं, मेहुण्या, खडे गेले ना खरंच? म्हटलं, पुराव्यानिशी दाखवतो. त्याच्या डोळ्यांदेखत लोण्यात तळलेली पाच अंडी खाल्ली. काही झालं नाही. आणखी दोन खाल्ली. भाऊजीचा चेहरा बघण्यासारखा झाला. ताई म्हणाली, तुझ्या पाया पडते, पुरे कर. आता दोन वाजलेत आणि मी उत्त

२९ मार्च, रविवार. वॉर्ड, खिडकीकडची खाट.
वरचा शब्द उत्तम असा होता.

परवा अंग थरथरून ताप भरला. भाऊजीने पाठीवर घेऊन तीन जिने उतरवलं. साबणाचा वास येतो माणसाला. खाली पोचल्यावर एवढंच म्हणाला, उंचावर चढायचं होतं ना तुला, आज मीच उतरवला.

पित्ताशय आत पिकलं होतं. चार छिद्रांवर भागलं नाही, वीतभर कापलं. सर्जन काल येऊन म्हणाला, या वेळी मुद्दाम मोजले, तेवीस निघाले, सगळे बुडणारे. भाऊजीने त्याला सगळं सांगितलेलं दिसतं. सुशिक्षित माणसाने असं बोलू नये. नाकात नळी असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. मी विचारलं, नळ्या काढून एकतीसला निघता येईल का, खुणेने. त्याला खुणाही कळत नाहीत. म्हणाला, तीन महिने काही उचलायचं नाही.

पाच तारखेलाच आलो असतो तर, हे वाक्य ताईच्या ओठांवर तीनदा आलं आणि तीनदा तिने गिळलं. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

३१ मार्च, मंगळवार. सकाळी ८.
टोळी सहाला निघाली. मुकादमाने ट्रकमधून फोन केला. माझ्या जागी एक जण घेतलाय. अजिबात बोलत नाही म्हणे, सगळे खूश आहेत. पुढच्या खेपेला माझी जागा धरून ठेवाल ना, असं विचारलं, तेवढ्यात रेंज गेली. डोंगर लागले असतील. निघाल्यापासून पंचवीस मिनिटांत.

इथे तीन दिवस मला दुसरं कुणी काही विचारलेलं नाही. सर्जन, नर्स, फरशी पुसणाऱ्या मावशी, शेजारचा हर्नियावाला, सगळे एकच: वायू सरला का? तो सरल्याशिवाय चहासुद्धा नाही. पावणेसातला सरला. नर्सने तक्त्यावर खूण केली. हर्नियावाल्याने टाळ्या वाजवल्या. मावशींनी शाबास म्हटलं. ताईने डोळे पुसत घरी फोन लावला.

अहो, म्हणाली, जमलं एकदाचं त्याला.