बकरीसाठी प्रार्थना

आई,

मी तुला थापा कमी मारल्या नाहीत. गुळाच्या मारल्या, शाळेच्या मारल्या, फुटलेल्या बरणीच्या तर किती. पण त्या तुला लगेच कळायच्या. एकच कळली नाही. तू जायच्या आदल्या दिवशी तुझ्या खाटेजवळ प्रार्थना करता करता मी अडखळले, मनात काय आलं म्हणून तू विचारलंस, आणि मी दिलेलं उत्तर खोटं होतं. आता मीच ऐंशीला टेकले आहे. तरी प्रार्थनेला डोळे मिटले की चार वाक्यं होतात न होतात, मी त्याच जागी येऊन अडते. म्हणून आज लिहायला बसले.

मला प्रार्थना शिकवली ती तू, पाळकांनी नाही. पाळक म्हणायचे, मन देवापाशी खिळवून ठेवा, भटकलं की सैतान टपलेलाच असतो. मी इतक्या जोरानं डोळे मिटायची की कपाळ दुखायचं, आणि त्या अंधारात हटकून आपली बकरी यायची. एका रविवारी भर उपासनेत मला तिची दाढी आठवून हसू फुटलं. सगळ्या मंडळीनं मागे वळून पाहिलं. घरी आल्यावर पाठ सडकून निघणार याची मला खात्री होती. तू भाकरी थापत होतीस. चुलीपुढे उकिडवी बसून मी कबूल केलं की देवाचा विचार करायला गेलं की मला बकरीच दिसते.

"मंग तिचंच सांग त्याले," तू म्हणालीस.

"देवाले? बकरीचं?"

"जिनात आम्ही काय करतो वं? चांगल्या कापसात कवडी दिसली तं तिच्याशी भांडत बसतो का? उचलली, टोपल्यात टाकली, हात पुढं. मुकादम टोपलं घेऊन जाते. मनात काही आलं तं तसंच उचलून त्याच्या हातात द्याचं, अन् पुढं चालाचं. लपवून ठेवशील तं सारा ढीग खराब होते."

आर्वीच्या सरकी काढायच्या जिनात तुम्ही बाया दिवसभर बसून किडका, पिवळा पडलेला कापूस निवडायच्या, ती कवडी. त्या दिवसापासून तो शब्द आपल्या घरच्या प्रार्थनेत आला. संध्याकाळी मी मध्येच गप्प झाले की तू डोळे न उघडता विचारायचीस, "कवडी आली का?" मग मी म्हणायची, देवा, उद्या गणिताच्या बाई मारणार, देवा, शेजारी आज मटण शिजतंय आणि आपल्याकडे वरण. बाबा एक डोळा उघडून तुझ्याकडे बघायचे, ही कसली प्रार्थना म्हणून. मी पुढे आयुष्यभर मोठमोठी प्रवचनं ऐकली, आई. देवाच्या इतक्या जवळ मी परत कधी बसले नाही.

नागपूरची राजधानी गेली त्या छप्पन्न सालच्या हिवाळ्यात तुझा खोकला वाढला. दवाखान्यातल्या बाईंनी तुला घरीच ठेवायला सांगितलं, आणि त्याचा अर्थ बाबांना कळला, मला कळला नाही. बाबा जिनात इंजिनवर कामाला, दिवस उगवायच्या आत जायचे. मावशी रोहण्याहून "येते, येते" असे निरोप धाडत राहिली आणि आली नाही. माझी शाळा सुटली. दोन महिने तुझ्या थुंकीचं राखेचं भांडं, उकळायची फडकी, पेज. लोक म्हणायचे, पोर किती गुणाची. गुणाची कसली, मी चिडलेली असायची. अकरा वर्षांची होते. कधी कधी भांडं मुद्दाम आपटून ठेवायची. तू काही बोलायची नाहीस, आणि तेच मला जास्त लागायचं.

नाताळाला आठवडा राहिला होता. भर दुपारी चर्चमध्ये गाण्यांची तालीम चालली आहे, पेटीचे सूर आपल्या खोलीपर्यंत येताहेत. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली तिथे आहेत. तू डोळे उघडतेस आणि म्हणतेस, "माह्यासाठी प्रार्थना कर वं. मोठ्यानं कर." मी गुडघे टेकते. "प्रभू, माझ्या आईला बरं कर," एवढं म्हणते, आणि मनात ते येतं. मी थांबते.

"कवडी आली का?"

"हो."

"सांग नं मंग त्याले."

मी खाटेच्या सुंभाकडे बघत राहिले. "बकरी आली मनात," मी म्हणाले. "ती दोन दिवसांपासून काही खाऊन नाई राह्यली."

बकरी ठणठणीत होती, बाहेर बाभळीच्या शेंगा चघळत होती. तू माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचललास, तो तिथवर पोचला नाही, खांद्यावरच राहिला. उरलेली प्रार्थना तूच केलीस, मध्ये दम घेत घेत. "प्रभू, माह्या पोरीच्या बकरीले सांभाळजो. तिले खाऊ दे. पोरगी एकटी हाये, तिले सोबत पाह्यजे." तुझ्या तोंडून मी ऐकलेली ती शेवटची प्रार्थना. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. बकरी पुढे सहा वर्षं जगली. प्रार्थना कुठे ऐकल्या जातात, असं कोणी म्हटलं की मला ती आठवते आणि माझ्याच्यानं वाद घालवत नाही.

खरं काय होतं ते देवाला मी केव्हाच सांगितलं आहे. एकदा नाही, शेकडो वेळा. त्यानं ऐकलं असेल, तो ऐकतोच. पण त्या दुपारी विचारलं होतंस तू, त्यानं नाही, आणि तुला सांगायचं राहून गेलं. हे पत्र टपालात पडायचं नाही, तेव्हा आता लिहायला काय हरकत आहे. मनात आलं होतं, संपू दे आता, लवकर संपू दे. मला तालमीला जायचं होतं. इतकी वर्षं मी माझी समजूत घालत आले की ते ‘संपू दे’ प्रार्थनेबद्दल होतं.

नव्हतं, आई.